‘एकदा आयक्यू काढून द्या’

आमच्याकडे मूल येतं ते बहुतेक वेळा या एका वाक्यासोबत. शाळेच्या चिठ्ठीत ‘अभ्यासात लक्ष नाही, वाचन कच्चं’ एवढंच लिहिलेलं असतं, पालक दमलेले असतात आणि सगळ्यांना एक आकडा हवा असतो. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञाच्या कामात चाचणी येते ती कुठेतरी मधे, कधीकधी येतच नाही. मूल आल्यापासून फाइल बंद होईपर्यंत काय काय होतं आणि कुठे फसतं, ते इथे क्रमाने सांगतो. सोयीसाठी एक मुलगी डोळ्यांसमोर धरू. ही कुणी एक खरी मुलगी नव्हे, तिचे आकडेही समजावण्यापुरते आहेत. वय ८ वर्षे ४ महिने, इयत्ता तिसरी, तोंडी उत्तरं झटपट, गणितात बरी, वाचायला सांगितलं की पोटात दुखतं.

पहिलं काम तक्रारीचा प्रश्न करण्याचं. ‘लक्ष नाही’ या वाक्याचं उत्तर कुठलीच चाचणी देऊ शकत नाही. ‘हिचं वाचन वर्गाच्या मागे का आहे आणि पुढच्या १० आठवड्यांत कोणत्या मदतीने ते पुढे सरकेल?’ याचं उत्तर शोधता येतं. शिक्षक आणि पालक यांच्याबरोबर बसून हा प्रश्न कागदावर लिहायला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास वाचवला की पुढे तीन तासांची चाचणी वाया जाते. याच बैठकीत संमती घेतो. काय करणार, अहवाल कोण वाचणार, कागद किती काळ ठेवणार, हे पालकांना आधी सांगावं लागतं. मुलीलाही विचारतो. आठ वर्षांच्या मुलीची सही कायद्याला नको असेल, पण ‘तुला कशात मदत हवी आहे?’ हे तिला कोणीही विचारलेलं नसतं.

त्यानंतर डोळे आणि कान. हा टप्पा इतका साधा आहे की तो हमखास राहून जातो. मध्यकर्णात द्रव साठला असेल तर ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं. एका दिवशी तपासणी नीट येते आणि दोन आठवड्यांनी ‘त’ आणि ‘ट’ यातला फरक विरून जातो. म्हणून जुने कानदुखीचे प्रसंग, वारंवारची सर्दी, टीव्हीचा आवाज वाढवणं, हे सगळं विचारतो. चष्मा आहे का, असला तर तो शाळेत जातो की घरी कपाटात राहतो, हेही. झोप किती, गैरहजेरी किती, शाळा किती वेळा बदलली, घरी कोणती भाषा बोलतात आणि शाळेत कोणती. घरात आई, वडील, काका, आत्या यांपैकी कुणाला लहानपणी वाचनाचा त्रास होता का, हा प्रश्न हळूच विचारावा लागतो, कारण वाचनातली अडचण घराण्यात उतरते आणि बऱ्याच वडिलांनी ती आयुष्यभर लपवलेली असते.

वह्या मागवताना नुसती नीटनेटकी वही मागवू नये. फळ्यावरून उतरवलेल्या पानांवरून फार काही कळत नाही. आम्हाला हवं असतं ते मुलीने स्वतः, कुणाच्या मदतीशिवाय लिहिलेलं. तीन विषयांचं, शक्य तर मागच्या वर्षीचंही.

मग वर्गात जाऊन बसतो. दोनदा, वेगवेगळ्या तासांना, एकदा सकाळी आणि एकदा दिवस उतरताना. पद्धत अशी, की २० मिनिटं घ्यायची, दर ३० सेकंदांनी मान वर करायची आणि त्या क्षणी मुलगी दिलेल्या कामात आहे की नाही एवढीच खूण करायची. ४० खुणा होतात. तिच्याबरोबर त्याच वर्गातलं आणखी एक सर्वसाधारण मूल निवडायचं आणि त्याच्याही खुणा करायच्या. हे दुसरं मूल नसेल तर निरीक्षणाला किंमत नाही. आपली मुलगी ४० पैकी २२ वेळा कामात आणि शेजारचा २४ वेळा, असं निघालं तर अडचण त्या तासाची आहे, तिची एकटीची नाही. आमच्या उदाहरणातली मुलगी गणितात ४० पैकी ३३ वेळा कामात असते आणि वाचनाच्या तासाला १४ वेळा. ज्या मुलीचं लक्ष गणितात टिकतं तिला ‘लक्षच नाही’ कसं म्हणणार? वाचन जमत नाही म्हणून लक्ष उडतं, ही शक्यता इथे पहिल्यांदा ठोसपणे समोर येते.

निरीक्षणात नवशिके एक चूक नेहमी करतात. ते ‘चिडली’, ‘कंटाळली’ असं लिहितात. लिहायचं ते दिसलेलं: ‘पुस्तक मिटलं, डोकं बाकावर ठेवलं, ४ मिनिटांनी पाणी प्यायला जाऊ का विचारलं.’ त्याच्या आधी काय घडलं आणि नंतर काय मिळालं, हे दोन रकाने बाजूला. आधी ‘मोठ्याने वाचायची तिची पाळी यायला दोनच मुलं उरली’, नंतर ‘पाळी टळली’. असे पाच-सहा प्रसंग जमले की पोटदुखीचा अर्थ आपोआप कळतो. पोट खरंच दुखतं, हे मात्र विसरू नये. भीतीने दुखलेलं पोटही दुखलेलंच असतं.

मुलीशी बोलताना ‘तुला वाचायला का आवडत नाही?’ याने सुरुवात केली की खांदे उडतात आणि संवाद संपतो. त्याऐवजी दोन चित्रं काढायला सांगतो. एका कागदावर अशी शाळा जिथे तिला कधीच जावंसं वाटणार नाही, दुसऱ्यावर अशी जिथे धावत जाईल. वर्ग, मोठी माणसं, मुलं, आणि ती स्वतः तिथे काय करते आहे. मग दोन्हींच्या मधे रेघ ओढून, आत्ताची शाळा त्या रेघेवर कुठे आहे ते दाखवायला सांगतो. मुलं नेमक्या जागी बोट ठेवतात. आणि याच गप्पांत कधीतरी तो प्रश्न येतो, जो ऐकला की दरवेळी आत काहीतरी हलतं: ‘मी ढ आहे का?’

आता चाचणी.

बुद्धिमापनाची पहिली व्यवहारात उतरलेली चाचणी आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये तयार केली, ती शाळेत कोणत्या मुलांना जादा मदत लागेल हे ओळखण्यासाठी. हा हेतू लक्षात ठेवला तर पुढच्या अर्ध्या चुका टळतात. आज जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्यांपैकी एक म्हणजे डेव्हिड वेक्स्लर यांची मुलांसाठीची चाचणी. तिची पाचवी आवृत्ती २०१४ ची, ६ वर्षांपासून १६ वर्षे ११ महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी. त्यात शाब्दिक आकलन, दृश्य-अवकाशीय क्षमता, तर्क, कार्यकारी स्मृती (ऐकलेलं-पाहिलेलं थोडा वेळ डोक्यात धरून त्यावर काम करणं) आणि प्रक्रिया गती (सोपं काम किती झटपट होतं) असे पाच निर्देशांक निघतात. सरासरी १००, प्रमाण विचलन १५, म्हणजे दर १०० मुलांपैकी साधारण ६८ मुलं ८५ ते ११५ यांच्या दरम्यान असतात.

चाचणी बिघडवणं सोपं आहे. आकडे लक्षात ठेवण्याच्या भागात ते सेकंदाला एक या गतीने वाचायचे असतात आणि पुन्हा सांगायचे नसतात. मूल केविलवाणं बघतं आणि आपण पुन्हा सांगितलं, की तो गुण बाद. उत्तर आल्यावर ‘शाब्बास, बरोबर’ म्हणायचं नसतं, कारण पुढच्या चुकलेल्या उत्तरावरची शांतता मुलाला बोचते. मेहनतीचं कौतुक मात्र करता येतं आणि करावं. पीटीच्या तासातून ओढून आणलेलं, भुकेलेलं, चष्मा विसरलेलं मूल चाचणीला बसवू नये. गेल्या वर्षभरात हीच चाचणी झाली असेल तर पुन्हा घेऊ नये, सरावाने गुण फुगतात. चाचणीची मानकं, म्हणजे ज्या मुलांशी तुलना करून गुण ठरतात त्यांचे आकडे, जुनी असतील तरीही गुण फुगतात, कारण पिढीगणिक चाचणीतली कामगिरी वाढत गेली. संशोधक जेम्स फ्लिन यांनी दाखवलेली ही वाढ अनेक देशांत दशकाला साधारण ३ गुणांची होती. आणि ज्या भाषेत मूल विचार करत नाही त्या भाषेत शाब्दिक भाग घेतला, तर मोजली जाते ती भाषेची ओळख. तो आकडा बुद्धीच्या नावावर लिहिणं हा मुलावर अन्याय आहे.

आमच्या मुलीचे गुण असे येतात: शाब्दिक आकलन १०८, दृश्य-अवकाशीय १०४, तर्क १०२, कार्यकारी स्मृती ८८, प्रक्रिया गती ९४. घाईत वाचणारा ८८ वर बोट ठेवतो आणि ‘सापडलं कारण’ म्हणतो. पण कुठलाही गुण हा एक पट्टा असतो. ८८ म्हणजे दोन्ही बाजूंना सात-आठ गुण धरून चालायचं. तो सरासरीला लागूनच आहे. एवढ्यावरून तिसरीतली मुलगी वाचत का नाही हे कळत नाही.

कळतं ते वाचन उलगडून बघितल्यावर. गॉफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलेली साधी चौकट आम्हाला आजही सर्वांत उपयोगी पडते: वाचून समजणं म्हणजे अक्षरांतून शब्द उलगडणं गुणिले बोललेली भाषा समजणं. गुणाकार असल्यामुळे एक बाजू शून्याकडे गेली की दुसरी कितीही भक्कम असून भागत नाही. म्हणून दोन्ही बाजू वेगळ्या तपासतो. तोच उतारा वाचून दाखवला तर तिला समजतो का? समजतो, प्रश्नांची उत्तरंही चटकन देते. मग अडचण उलगडण्यात आहे.

तिथे खालपर्यंत उतरतो. ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरेल? इथे ती अडखळते. अर्थ नसलेले शब्द वाचायला देतो, ‘टपीम’, ‘गोढस’ असे. हे फार बोलके असतात, कारण ते पाठ नसतात आणि संदर्भावरून ओळखताही येत नाहीत. तिथे ती सगळ्यांत मागे पडते. मग उतारा एक मिनिट मोठ्याने वाचून घेतो आणि चुका जशाच्या तशा टिपतो. ‘पाऊल’ला ‘पाऊस’ म्हणते, ‘घरात’ला ‘घरी’. सुरुवातीची अक्षरं बघून बाकीचा शब्द अंदाजाने पुरा करण्याची ही सवय आहे, आणि गोष्टीचा अर्थ कळत असल्यामुळे अंदाज बऱ्याचदा लागतो, म्हणूनच पहिली-दुसरीत कुणाच्या लक्षात आलं नाही. देवनागरीची आपली अशी एक मेख आहे. ‘कि’मध्ये वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते. ‘र्क’ आणि ‘क्र’ यांत तोच ‘र’ वेगवेगळ्या जागी बसतो. वेलांटीच्या, रफाराच्या, जोडाक्षरांच्या चुका स्वतंत्र मोजल्या नाहीत, तर दुसऱ्या लिप्यांसाठी केलेली यादी इथे अपुरी पडते.

याच १०० सरासरीच्या मापावर तिचं निरर्थक शब्दवाचन ७६, वाचनाचा वेग ७८. पर्सेंटाइलमध्ये ७६ म्हणजे साधारण ५. हा आकडा पालकांना सांगताना फार जपावं लागतं. ‘५’ ऐकलं की त्यांना शंभरपैकी पाच मार्क दिसतात. त्याचा अर्थ एवढाच, की तिच्या वयाच्या १०० मुलांना ओळीने उभं केलं तर जवळजवळ पाच मुलं तिच्या मागे असतील. याच हिशोबाने अगदी सरासरी मुलाचा पर्सेंटाइल ५० असतो, आणि तोही ऐकून एखादी आई रडवेली होते.

इथे एक जुना गैरसमज पुसायला हवा. बुद्ध्यांक आणि वाचन यांत मोठी तफावत असेल तरच वाचनदोष, असा नियम पूर्वी चालत असे. २०१३ च्या डीएसएम-५ ने, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाचे निकष देणाऱ्या अमेरिकी पुस्तकाच्या पाचव्या आवृत्तीने, ती अट सोडली, आणि योग्यच केलं. बुद्ध्यांक कमी असलेल्या आणि सरासरी असलेल्या मुलांत शब्द उलगडण्याची अडचण सारखीच दिसते आणि एकाच प्रकारच्या शिकवण्याने सुधारते. त्याच पुस्तकात आणखी एक अट आहे: नेमकी मदत देऊनही अडचण किमान ६ महिने टिकलेली असावी. म्हणजे पहिल्याच भेटीत शिक्का मारण्याची घाई नको. आणि शिक्का मिळेपर्यंत मदत थांबवून ठेवणं तर मुळीच नको.

गुणांबरोबर आणखी एक गोष्ट बघतो, ती म्हणजे शिकवल्यावर काय होतं. लेव्ह वायगोट्स्की यांनी सांगितलं होतं, की मूल एकट्याने काय करतं आणि आधार मिळाल्यावर काय करतं, या दोहोंमधली जागा महत्त्वाची. म्हणून १५ मिनिटं तिला शब्दाचे तुकडे पाडायला शिकवतो, बोटाने अक्षर झाकून एकेक उघडत. आधी नुसता इशारा, मग तुकडा दाखवणं, मग स्वतः करून दाखवणं. कितव्या मदतीला जमलं ते लिहितो आणि शेवटी नवे शब्द देतो. दहापैकी दोनवरून सहावर गेली, तर पुढच्या कामाची दिशा आणि आशा दोन्ही मिळतात.

अहवाल लिहिण्याआधी बोलतो, आणि सर्वांत आधी मुलीशी. ‘तू ढ नाहीस. ऐकून तुला पटकन समजतं, हे मी मोजून बघितलं. अक्षर आणि आवाज यांची गाठ पक्की बसायला तुला इतरांपेक्षा जास्त वेळा सराव लागतो. तो कसा करायचा ते ठरवू या.’ एवढी चार वाक्यं. यातलं प्रत्येक खरं असलं पाहिजे, खोटं कौतुक मुलांना लगेच कळतं.

अहवालाचं पहिलं पान शिक्षकाने मधल्या सुट्टीत वाचण्याजोगं हवं. शिफारशी तीन, फार तर चार. ‘वैयक्तिक लक्ष द्यावे’ ही शिफारस नव्हे. कोण, आठवड्यातून किती दिवस, किती मिनिटं, कोणत्या साहित्याने, आणि उपयोग होतो आहे हे कशावरून ओळखायचं, हे लिहिलेलं असेल तीच शिफारस. रंगीत काचा, तोल सांभाळण्याचे व्यायाम, ‘ही बघून शिकणारी, तो ऐकून शिकणारा’ अशी वर्गवारी, यांना वाचन सुधारण्याचा भरवशाचा पुरावा नाही. पालक त्यावर वेळ आणि पैसा घालवतात तेव्हा खऱ्या सरावाचे महिने जातात. हे त्यांना स्पष्ट सांगणं आमचं कर्तव्य आहे, मग ते कितीही अप्रिय वाटो.

हिच्यासाठी आखणी अशी: आठवड्यातून ४ दिवस, रोज २० मिनिटं, गटात ३ पेक्षा जास्त मुलं नकोत. पहिली ५ मिनिटं आवाज तोडणं-जोडणं. पुढची ७ मिनिटं अक्षर आणि स्वरचिन्हांची कार्डं, १० कार्डांत ७ येणारी आणि ३ नवी. सगळी नवी दिली की मूल हरतं, सगळी जुनी दिली की शिकत नाही. उरलेल्या वेळात १०० पैकी ९५ शब्द बिनचूक येतील असा छोटा उतारा, तोच तीनदा. वर्गात तिला अचानक मोठ्याने वाचायला उभं करायचं नाही. आदल्या दिवशी ठरवून दिलेल्या दोन ओळी तिने वाचायच्या. इतिहास-विज्ञानाचा मजकूर तिला ऐकवायचा, कारण डोक्याची भूक वाचनाच्या वेगासाठी थांबवून ठेवता येत नाही.

सुरुवातीला तीन उतारे प्रत्येकी एक मिनिट वाचून घेतो आणि मधला आकडा धरतो. समजा, मिनिटाला ३१ बिनचूक शब्द. आठवड्याला दीड शब्द वाढ धरली तर १० आठवड्यांनी ४६. आलेखावर ३१ पासून ४६ पर्यंत सरळ रेघ ओढून ठेवायची आणि दर आठवड्याला एक ठिपका. सलग चार ठिपके रेघेखाली पडले की पद्धत बदलायची, सत्र संपायची वाट बघायची नाही. ठिपका मुलीने स्वतः द्यावा. स्वतःचा आलेख वर चढताना बघणं तिला आवडतं.

योजना फसते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. ठरलेल्या ४० सत्रांपैकी १७ च होतात. शिक्षिकेला दुसऱ्या वर्गावर पाठवतात, स्नेहसंमेलनाची तालीम येते, परीक्षा येते. मग अहवालावर ‘मदत देऊनही प्रगती नाही’ असं लिहिलं जातं आणि दोष मुलीच्या माथी. म्हणून आलेखाखाली झालेल्या सत्रांची नोंद आम्ही सक्तीची करतो. आकडा १७ असेल, तर आधी मुख्याध्यापकांशी बसून तासिकेचा प्रश्न सोडवायचा, मुलीला पुन्हा चाचणीला बसवायचं नाही.

मोठ्या मुलांबाबत क्रम हाच, भर वेगळा. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा शाळेतच येईनासा होतो तेव्हा ‘हट्ट’ म्हणून भागत नाही. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर कर्नी यांच्या कामातून चार कारणं वेगळी करता येतात: शाळेतल्या त्रासदायक गोष्टी टाळणं, लोकांसमोर पारख होणं टाळणं, घरच्या माणसाजवळ राहणं, किंवा बाहेर काहीतरी जास्त आकर्षक असणं. उपाय कारणागणिक बदलतो. पहिल्या दोहोंत पायऱ्यांची शिडी करतो, आठ ते दहा पायऱ्या, प्रत्येकीची भीती त्याने ० ते १० मध्ये सांगायची. सुरुवात ३ किंवा ४ च्या पायरीने, उदाहरणार्थ शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात १० मिनिटं. ‘सोमवारपासून पूर्ण वेळ’ हा ठराव जवळजवळ नेहमी मोडतो, आणि मोडल्यावर पुढची पायरी आणखी उंच होते. शाळेत छळ होत असेल तर मात्र शिडी बाजूला ठेवून आधी छळ थांबवायचा. या वयात बैठक मुलाच्या पाठीमागे घेत नाही. त्याच्याबद्दलचा कागद त्याच्यासमोर लिहितो.

परीक्षेतल्या सवलतीही याच वयात लागतात. जादा वेळ द्यायचा तो जिथे वेग आड येतो तिथे. वाचून दाखवणारी व्यक्ती द्यायची ती जिथे वाचनाचीच परीक्षा नाही तिथे. सवलत वर्षभर वर्गात वापरलेली नसेल तर परीक्षेच्या दिवशी ती गोंधळ वाढवते.

दहाव्या आठवड्याला सगळे पुन्हा बसतो, तीच माणसं, तोच पहिल्या दिवशी लिहिलेला प्रश्न टेबलावर. आलेख ४४ ला पोचलेला असेल तर आखणी तशीच पुढे नेतो. ३४ वरच असेल आणि सत्रं पूर्ण झाली असतील, तर गट सोडून एकास एक, आणि आता निदानाचा विचार अधिक ठामपणे. पोटदुखीचे दिवसही मोजतो. शब्द फारसे वाढले नसतानाही ते आठवड्यातून चारवरून एकावर आलेले दिसू शकतात, आणि तो बदल आम्ही आलेखाइतकाच गंभीरपणे लिहितो.

वर्ष संपताना फाइलमध्ये एक पान वेगळं ठेवतो, पुढच्या वर्गशिक्षकांसाठी. त्यावर गुण नसतात. कोणता सराव चालू आहे, कार्डं कोणत्या डब्यात आहेत, तिला अचानक वाचायला उभं का करायचं नाही, आणि कोणत्या विषयावर बोलायला लागली की ती थांबत नाही. शेवटची ओळ तिला विचारून लिहितो. मागे आलेख टाचणीने जोडलेला असतो.